मधलं शून्य

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. अगदी सोपं आहे.

एक फुटबॉलपटू आहे. आपल्या देशासाठी तो १०४ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. त्यांतल्या ९३ सामन्यांत तो संघाचा कर्णधार होता. आता सांगा बरं, देशासाठी त्याने एकूण किती गोल केले असतील?

पन्नास? तीस? बरं, निदान दहा तरी?

उत्तर आहे शून्य! एकशे चार सामने आणि एकही गोल नाही.

तुम्ही काही कमी हुशार नाही. लगेच म्हणाल, "काका, मग तो गोलकीपर असणार!" नाही हं. गोलकीपर नव्हता. तुमच्या-माझ्यासारखा पायाने चेंडू खेळणारा गडी होता. त्याचं नाव तोरब्यर्न स्वेन्सेन आणि त्याचा देश नॉर्वे. नाव उच्चारताना जीभ जरा अडखळते ना? माझीही अडखळली होती. पण त्या नावाचे दोन तुकडे केले की सोपं जातं. 'तोर' हा तिकडच्या जुन्या पुराणकथांतला मेघगर्जनेचा देव आणि 'ब्यर्न' म्हणजे अस्वल. आता नाही विसरणार!

नॉर्वेचा फुटबॉल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आर्लिंग हालंड येतो, ते मला माहीत आहे. का येणार नाही? नॉर्वेसाठी सर्वांत जास्त गोल करण्याचा युर्गन यूवे याचा ३३ गोलांचा विक्रम १९३७ पासून उभा होता. तो हालंडने २०२४ मध्ये मागे टाकला. त्याचे फोटो तुमच्या वह्यांवर असतात. स्वेन्सेनचा फोटो कोणाच्याच वहीवर नसेल. तरी मी आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. आणि ती का सांगायची, हे कळायला आधी माझी स्वतःची एक फजिती सांगावी लागेल. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

मी कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण आमच्या गावाला फुटबॉलचंही तेवढंच वेड! तालमींचे संघ, पेठापेठांतली चुरस, शाहू स्टेडियमवर उसळणारी गर्दी, हे सगळं बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. सामना बघून आलं की गल्लीतला प्रत्येक पोरगा फॉरवर्ड व्हायचा. मीही स्वप्नात रोज रात्री गोल मारायचो. कधी कधी झोपेत भावाला लाथ बसायची.

शाळेच्या संघात माझी निवड झाली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. पण सरांनी हातात पाच नंबरचा शर्ट दिला आणि म्हणाले, "तू स्टॉपर." झालं! सगळा आनंद तिथल्या तिथे विरला. स्टॉपर म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध उभं राहून समोरच्या संघाला अडवणारा. गोल मारायला पुढे गेलेल्या पोरांच्या पाठी बघत बसायच्या. त्यांनी गोल मारला की त्यांना खांद्यावर घ्यायचं. आणि आपल्यावर गोल झाला की सगळ्या मैदानाने आपल्याकडे बघायचं!

नववीत असताना आमचा संघ शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचला. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि एक-एक अशी बरोबरी होती. चेंडू माझ्याकडे आला. समोर मोकळं मैदान दिसत होतं. वास्तविक मी चेंडू पुढच्या गड्याला द्यायचा आणि जागेवर राहायचं. पण त्या दिवशी माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे! मी चेंडू घेऊन सुटलो. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. बाहेरून ओरडा ऐकू येत होता. मला वाटलं, पोरं मला शाबासकी देतायत. ती खरं तर "मागं ये, मागं ये" म्हणून ओरडत होती.

तिसऱ्याने चेंडू काढून घेतला आणि लांब फटका मारला. मी वळून पाहिलं, तर माझी जागा मोकळी. तिथून त्यांचा एक पोरगा एकटाच आमच्या गोलकीपरच्या अंगावर धावून जात होता. पुढचं सांगायला नकोच. सामना गेला.

आमचा गोलकीपर माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू जाग्यावर असतास तर त्यो एकटा आला नसता रं." बस्स, एवढंच. रागावला असता तर बरं वाटलं असतं. सरही रागावले नाहीत. पाच नंबरचा शर्ट मी परत करायला गेलो, तर म्हणाले, "धुऊन घरीच ठेव. पुढच्या वर्षी लागणार आहे."

ही गोष्ट मनात कितीतरी वर्षं सलत राहिली. मग खूप वर्षांनी एकदा मी जगातल्या फुटबॉलपटूंची एक यादी चाळत होतो. शंभराहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्यांची. खेळाडूचं नाव, देश, सामने, गोल असे रकाने होते. वरून खाली बोट फिरवत गेलो आणि एका ओळीवर ते थांबलं. स्वेन्सेन, नॉर्वे, १०४, ०. मला वाटलं, छपाईची चूक असेल. चूक नव्हती. तेव्हापासून या माणसाबद्दल जे मिळेल ते मी वाचत आलो आहे.

तर चला, आता नॉर्वेला जाऊ या.

नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिच्या दक्षिणेला समुद्रकाठी सांडेफ्यूर्ड नावाचं गाव आहे. समुद्राची चिंचोळी जीभ जमिनीत आत शिरलेली असते, तिला तिकडे फ्यूर्ड म्हणतात. अशाच एका फ्यूर्डच्या टोकाला हे गाव. त्या काळी ते देवमाशांच्या शिकारीसाठी जगभर प्रसिद्ध होतं. शरद ऋतूत इथून मोठमोठी जहाजं निघायची, ती थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकाच्या समुद्रात जायची. गावातले बाप, काका, भाऊ सगळे त्या जहाजांवर. ते परत यायचे वसंतात. तोवर गावात मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. या शिकारीने देवमाशांची काय दशा केली ते आज आपल्याला माहीत आहे. निळा देवमासा तर नामशेष होण्याच्या बेताला आला होता. १९६८ च्या सुमारास सांडेफ्यूर्डची ही शिकार बंद झाली. आता तिथे त्या दिवसांचं संग्रहालय तेवढं आहे.

अशा या गावात २२ एप्रिल १९२४ रोजी तोरब्यर्नचा जन्म झाला.

तो बारा वर्षांचा होता तेव्हा, १९३६ मध्ये, बर्लिनला ऑलिंपिक भरलं. नॉर्वेच्या फुटबॉल संघाची गाठ यजमान जर्मनीशी पडली. खुद्द हिटलर सामना बघायला आला होता. आणि चिमुकल्या नॉर्वेने जर्मनीला २-० असं हरवलं! पुढे त्या संघाने ब्राँझपदकही मिळवलं. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, नॉर्वे विश्वचषक स्पर्धेत खेळला आणि इटलीकडून जादा वेळेत कसाबसा हरला. इटली त्या वर्षीचा विजेता ठरला. विचार करा, गल्लीत चेंडू लाथाडणाऱ्या नॉर्वेच्या पोरांची छाती तेव्हा किती फुगली असेल!

पण पुढे काय झालं? ९ एप्रिल १९४० रोजी हिटलरच्या फौजा नॉर्वेत घुसल्या. तोरब्यर्नचा सोळावा वाढदिवस त्यानंतर तेरा दिवसांनी आला.

नव्या सत्ताधाऱ्यांनी देशातल्या क्रीडासंघटना आपल्या मुठीत घ्यायचं ठरवलं. खेळ त्यांच्या हुकमाने चालणार, स्पर्धा त्यांच्या झेंड्याखाली होणार. तेव्हा नॉर्वेच्या खेळाडूंनी काय केलं, ठाऊक आहे? त्यांनी खेळायलाच नकार दिला! धावपटूंनी दिला, स्की करणाऱ्यांनी दिला, फुटबॉलपटूंनीही दिला. प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. सरकारी सामने रिकाम्या मैदानांवर होऊ लागले. काही ठिकाणी लोक चोरून, गावाबाहेर, रानात सामने भरवायचे. १९४१ ते १९४४ अशी चार वर्षं नॉर्वेची राष्ट्रीय चषक स्पर्धाच झाली नाही.

तुम्ही खेळाडू असाल तर तुम्हांला कळेल, सोळा ते एकवीस ही वर्षं म्हणजे काय! फुटबॉलपटू घडतो तो याच वयात. तोरब्यर्नची ही सगळी वर्षं त्या काळ्या काळात गेली. मे १९४५ मध्ये नॉर्वे मुक्त झाला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी तो सांडेफ्यूर्डच्या संघातून खेळायला लागला. आणि १९४७ मध्ये राष्ट्रीय संघाचा शर्ट त्याच्या अंगावर आला.

जागा कुठली? बरोबर ओळखलंत. गोलसमोर, मधोमध. स्टॉपर!

या जागेची जन्मकथा गमतीची आहे. फुटबॉलमध्ये 'ऑफसाइड'चा नियम असतो. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी, आपल्या आणि समोरच्या गोलरेषेच्या मध्ये विरुद्ध संघाचे ठरावीक गडी असावे लागतात. १९२५ पर्यंत ते तीन लागायचे. त्या वर्षी नियम बदलला आणि दोन पुरेसे झाले. मग काय! पुढच्या फळीच्या खेळाडूंना रान मोकळं मिळालं आणि गोलांचा पाऊस पडायला लागला. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडमधल्या संघांनी मैदानाच्या मध्यावर खेळणारा 'सेंटर हाफ' मागे ओढला आणि दोन बचावपटूंच्या मधोमध उभा केला. काम एकच, समोरच्या सेंटर फॉरवर्डला अडवायचं. त्याच्या मागे उरतो फक्त गोलकीपर. म्हणजे पुढच्या फळीतल्याची चूक झाली, तर चेंडू जातो. स्टॉपरची चूक झाली, तर गोल होतो.

या जागेवर स्वेन्सेन किती वर्षं उभा राहिला? १९४७ ते १९६२. सोळा मोसम! त्याच्या देशबांधवांनी त्याला टोपणनाव दिलं होतं 'क्लिप्पेन'. म्हणजे खडक. आपल्या सह्याद्रीच्या भाषेत सांगायचं तर कातळ. लाटा येतात, आपटतात, फुटतात. कातळ तिथेच.

आता तुम्हांला वाटेल, एवढा मोठा खडक पाठीशी असताना नॉर्वेने कितीतरी चषक जिंकले असतील. इथेच तर खरी गंमत आहे. नॉर्वेने त्या काळात मोठं असं काहीच जिंकलं नाही. १९३८ नंतर नॉर्वेला विश्वचषकात पुन्हा खेळायला मिळालं ते थेट १९९४ मध्ये. मधली छप्पन्न वर्षं कोरडी. स्वेन्सेनची सगळी कारकीर्द या कोरड्या वर्षांत बसते. विश्वचषक स्पर्धेत तो एकही सामना खेळू शकला नाही.

पण लढाया झाल्या, बरं का! ऑगस्ट १९५३ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पश्चिम जर्मनीचा संघ ऑस्लोला आला. नॉर्वेने त्यांना १-१ असं बरोबरीत रोखलं. नोव्हेंबरमध्ये हॅम्बुर्गला मात्र जर्मनांनी ५-१ असा वचपा काढला. पुढच्याच वर्षी हे जर्मन जगज्जेते झाले. १९५७ च्या जूनमध्ये हंगेरीचा संघ ऑस्लोला आला. हंगेरी म्हणजे त्या काळातला दबदबा! या संघाने १९५३ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्ली मैदानावर ६-३ असं लोळवलं होतं. १९५४ च्या विश्वचषकात ते उपविजेते होते. १९५६ च्या उठावानंतर पुश्काशसारखे काही मोठे खेळाडू मायदेशी परतले नव्हते, हे खरं. तरीही हंगेरी ती हंगेरीच. तिला नॉर्वेने २-१ असं हरवलं! आणि मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये काय झालं? बल्गेरियाने सोफियाला नॉर्वेवर सात गोल चढवले आणि हंगेरीने बुडापेस्टला पाच. नॉर्वेला एकही करता आला नाही.

मला वाटतं, या माणसाची खरी परीक्षा जूनमध्ये नव्हती, नोव्हेंबरनंतर होती. जिंकल्यावर पुन्हा मैदानात उतरायला सगळेच तयार असतात. सात आणि पाच गोलांच्या हारीनंतर, कर्णधार म्हणून, पुढच्या मोसमात पुन्हा त्याच जागेवर जाऊन उभं राहायचं! मी तर एका गोलानंतर शर्ट परत करायला निघालो होतो.

क्लबातही तेच. सांडेफ्यूर्डचा संघ १९५७ मध्ये राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि फ्रेड्रिकस्टाडकडून ४-० असा हरला. १९५९ मध्ये पुन्हा पोचला, या खेपेस स्टाव्हांगरच्या व्हायकिंग संघाकडून २-१ असा हरला. दोनदा दारापर्यंत जाऊन परत!

"मग त्याने दुसऱ्या मोठ्या क्लबात का नाही जायचं?" असं तुमच्या मनात आलं असेल. बरोबर प्रश्न आहे. त्या काळी नॉर्वेतला फुटबॉल पूर्ण हौशी होता. खेळण्याबद्दल पगार मिळत नसे. दिवसा पोटापाण्याचं काम करायचं, उरलेल्या वेळात सराव करायचा. पैसे हवे असतील तर परदेशी जायचं. पण त्याची किंमत मोजावी लागे, कारण धंदेवाईक झालेल्या खेळाडूला राष्ट्रीय संघाचं दार बंद होई.

पेर ब्रेडेसेन नावाचा एक गुणी खेळाडू होता. तो १९५२ मध्ये इटलीच्या लाझिओ संघात गेला. पुढे मिलान संघातून खेळला आणि १९५७ मध्ये त्या संघाबरोबर इटलीचं अजिंक्यपदही मिळवलं. केवढं मोठं यश! पण ऐन भरातली त्याची ती वर्षं देशाच्या संघाला मिळाली नाहीत. त्याचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. अंगी कौशल्य असलेल्या माणसाने त्यावर पोट भरलं, तर त्यात वाईट काय? नियमच तसा होता. त्याने एक वाट धरली आणि स्वेन्सेनने दुसरी. स्वेन्सेन १९४५ ते १९६४ अशी सगळी वर्षं एकाच क्लबात खेळला. आपल्या गावाच्या. शेवटी तर तो चाळिशीला टेकला होता!

इथे मला आपल्याकडची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक झालं. हो, तेच, ज्यात आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवलं. स्वेन्सेन त्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेकडून खेळला. स्वीडनने नॉर्वेला ४-१ असं हरवलं. भारताचा फुटबॉल संघही तिथे होता. आपले काही खेळाडू तेव्हा बूट न घालता खेळत, आणि युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपला कर्णधार कोण होता? शैलेन मन्ना. त्यांचाही जन्म १९२४ चा. तेही बचावपटू. तेही जवळजवळ सगळी कारकीर्द एकाच क्लबात, कलकत्त्याच्या मोहन बागानमध्ये, खेळले. आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं होतं. एकाच वयाचे, एकाच कामाचे दोन कर्णधार एकाच ऑलिंपिकमध्ये आले आणि दोघेही पहिल्याच सामन्यात हरून घरी गेले. घरी जाऊन दोघेही पुन्हा खेळायला लागले!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नॉर्वेत दूरदर्शनची रीतसर सुरुवात झाली ऑगस्ट १९६० मध्ये. म्हणजे स्वेन्सेनचे बहुतेक सामने लोकांनी टीव्हीवर बघितलेच नाहीत. मैदानात असतील त्यांनी बघितले, बाकीच्यांनी रेडिओवर ऐकले. रेडिओवर गोल ऐकू येतो. "गो...ल!" असा आवाज होतो, लोक उड्या मारतात. पण जो गोल झालाच नाही, तो कसा ऐकू येणार? स्टॉपरने दोन पावलं डावीकडे सरकून वाट बंद केली आणि समोरच्याने चेंडू दुसरीकडे दिला, तर त्याची बातमी होत नाही. स्वेन्सेनचं जवळजवळ सगळं काम हे असं होतं.

तरीसुद्धा हळूहळू आकडा वाढत गेला. नॉर्वे वर्षाकाठी सहा-सात सामने खेळायचा. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या शेजाऱ्यांशी तर नेहमीच्याच लढती. त्या काळी एखादा खेळाडू शंभर सामने खेळेल, ही कल्पनासुद्धा कोणी करत नसे. १९५९ मध्ये इंग्लंडचा कर्णधार बिली राइट जगात पहिल्यांदा तिथे पोचला. तोही बचावपटू! त्याचे सामने १०५ आणि गोल तीन. आणि दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, जगातला दुसरा माणूस तिथे पोचला. तो मोठ्या देशातला नव्हता, मोठ्या क्लबातला नव्हता, जगज्जेत्या संघातलाही नव्हता. तो होता देवमाशांच्या गावातला एक हौशी खेळाडू, तोरब्यर्न स्वेन्सेन!

१९६२ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. सामने १०४. त्यांतल्या ९३ सामन्यांत कर्णधार. बिली राइटने आपल्या संघाचं नेतृत्व ९० सामन्यांत केलं होतं, म्हणजे इथे स्वेन्सेन त्याच्याही तीन पावलं पुढे. नॉर्वेसाठी सर्वांत जास्त सामन्यांचा त्याचा विक्रम नंतर पन्नास वर्षं कोणाला मोडता आला नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या केवढी तरी वाढली, विमानं वाढली, पैसा आला, पण तो आकडा तिथेच. ८ जानेवारी २०११ रोजी स्वेन्सेन वारला, तेव्हाही विक्रम त्याच्याच नावावर होता. दुसऱ्या वर्षी, २०१२ मध्ये, यॉन आर्ने रीसे याने तो ओलांडला. रीसेही बचावफळीतला. त्याने गोल मात्र केले होते!

मित्रांनो, ही गोष्ट वाचून कोणी गोल मारायचंच सोडून देऊ नका हं. गोल कोणीतरी मारायलाच हवा, नाहीतर सामना जिंकणार कसा? फॉरवर्ड असाल तर जीव तोडून गोल मारा. हालंडसारखे मारा. पण तुमच्यातल्या कितीतरी जणांना पुढची जागा मिळणार नाही. संघात नाही, नाटकात नाही, स्नेहसंमेलनात नाही. कोणाला पडदा ओढायला मिळेल, कोणाला ढोलताशाच्या पथकात झेंडा धरायला. तेव्हा घशात आवंढा येतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या वेळी एकदा या स्वेन्सेनची आठवण काढा.

आणि आईबाबांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी खेळून घरी आली की आपण दारातच विचारतो, "किती गोल मारलेस?" नाहीच मारला, तर पुढचं काही विचारत नाही. कधीतरी "कुठे उभा होतास?" असंही विचारून बघा. मुलं भरभरून बोलतील. मी बोललो असतो.

पुढच्या वर्षी तो पाच नंबरचा शर्ट मी घातला. धुऊन थोडा आखूड झाला होता. आम्ही स्पर्धा जिंकलो का? नाही. पुन्हा उपांत्य सामन्यातच हरलो, पेनल्टीवर. पण त्या वर्षी आमचा गोलकीपर कधी एकटा पडला नाही. सामना संपल्यावर तो येऊन माझ्याशेजारी गवतात बसला आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्याने आधी मला दिलं.

आता जाता जाता पुन्हा एक कोडं. हे गणिताचं आहे. स्वेन्सेनच्या सामन्यांचा आकडा पाटीवर लिहा बघू. एक, शून्य, चार. त्यातल्या मधल्या शून्यावर बोट ठेवा. दिसायला काहीच नाही, नुसतं एक रिकामं वर्तुळ. बरं, काही नाहीच तर पुसून टाका की!

आता काय उरलं, ते वाचा.